लॉगिन होऊनही पान बाहेर फेकतं? कुकी आणि ब्राउझर ताळ्यावर आणण्याच्या पायऱ्या

ओटीपी आला, टाकला, हिरवी खूणही दिसली आणि पुढच्या क्षणी पुन्हा तेच लॉगिनचं पान. किंवा अख्खा अर्ज भरून ‘सबमिट’ दाबलं तर ‘सेशन एक्स्पायर्ड’, म्हणजे चालू लॉगिनची मुदत संपली. किंवा पैसे भरायची चौकट उघडायची तिथे नुसता पांढरा पडदा. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याची निम्मी कामं आता अशाच पानांवर होतात. मालमत्ता कर, विजेचं बिल, भाडेकराराची नोंदणी, घरांच्या सोडतीचा अर्ज, मुलांचा अकरावीचा प्रवेश. तेव्हा हे एकदा शिकून घेतलेलं बरं.

मी कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीची सचिव. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर शेजारीपाजारी आपापले अर्ज घेऊन येतात आणि वर्तकनगरला राहणारे दादा-वहिनी फोनवरून ‘आता कुठे दाबू?’ विचारत असतात. बहुतेकांचं घोडं तीन-चार ठरावीक जागीच अडतं. आणि माझ्याकडे येण्याआधी बहुतेकांनी एकच उपाय करून पाहिलेला असतो, कुणीतरी सांगितलेला: ‘सगळं क्लिअर करून टाक.’ सांगणाऱ्याचं काही जात नाही. करणारा मात्र बँकेपासून ईमेलपर्यंत सगळीकडून बाहेर पडतो, आणि मूळ अडचण तशीच असते.

म्हणून खालच्या पायऱ्या मुद्दाम लहान उपायाकडून मोठ्या उपायाकडे जाणाऱ्या लावल्या आहेत. मधली पायरी गाळू नका. मेनूची नावं मी इंग्रजीच ठेवली आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरवर ती तशीच दिसतात.

आधी दोन शब्द कुकीबद्दल

वेबची मूळ रचना विसरभोळी आहे. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की सर्व्हरच्या, म्हणजे साइट चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी. यावर तोड म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने कुकीची कल्पना काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर जसा नंबराचा बिल्ला मिळतो, तशी साइट तुमच्या ब्राउझरला, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्ससारख्या पानं उघडणाऱ्या ॲपला, एक छोटी नोंद देते. पुढच्या प्रत्येक पानावर ब्राउझर ती दाखवतो आणि साइट तुम्हाला ओळखते. नोंद हरवली, जुनी झाली किंवा ब्राउझरने ती घ्यायलाच नकार दिला, की लॉगिन करूनही तुम्ही बाहेरच.

आणखी एक भेद लक्षात ठेवा, तो पुढे लागेल. ज्या साइटवर तुम्ही आहात तिचीच कुकी असेल तर ती फर्स्ट-पार्टी. त्याच पानाच्या पोटात दुसऱ्या कुणाची चौकट असेल, म्हणजे जाहिरात, नकाशा किंवा पैसे भरण्याची खिडकी, तर तिची कुकी थर्ड-पार्टी. पहिली बंद केली तर लॉगिन जमतच नाही. दुसरी बंद ठेवली तर बहुतेक साइट सुरळीत चालतात, काही मात्र अडतात.

बसण्यापूर्वी हाताशी काय ठेवायचं

- ज्या नंबरवर ओटीपी येतो ते सिम चालू असलेला फोन. आजोबांचा अर्ज आणि नंबर पुण्याच्या मुलाचा, असं असेल तर मुलाला आधी फोन करून ठेवा.
- ईमेल आणि बँकेचे पासवर्ड. वहीत असतील तर वही, पण ती दुसऱ्याच्या हातात देऊ नका.
- अर्ज क्रमांक, मालमत्ता क्रमांक, ग्राहक क्रमांक, जे लागू असेल ते. जुन्या पावतीचा फोटो पुरतो.
- अपलोड करायचे कागद एका फोल्डरमध्ये, साइटने सांगितलेल्या आकारात. अर्ज उघडा ठेवून फोटो लहान करायला गेलात की तेवढ्यात सेशन संपतं. तो दोष कुकीचा नसतो.
- एक दुसरा ब्राउझर. क्रोम असेल तर फायरफॉक्स किंवा एजही असू द्या. तपासायला फार उपयोगी पडतो.

पायरी १ : घड्याळ बघा

हसू नका. कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष बरोबर आहे का ते पहिलं बघा. प्रत्येक कुकीला, तसंच साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला, मुदत असते. घड्याळ चुकलं तर मिळालेली कुकी जागच्या जागी बाद ठरू शकते, किंवा ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा येतो आणि पान उघडतच नाही.

सोसायटी, क्लास, दवाखाना यांच्या जुन्या डेस्कटॉपवर हे नेहमीचं आहे. रात्री मेन स्विच बंद करतात आणि सकाळी मशीन कितीतरी वर्षं मागे गेलेलं असतं. कारण मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असतो. त्याचा क्रमांक बहुधा सीआर २०३२. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, स्वस्त असतो, आणि मशीन उघडायची भीती वाटत असेल तर दुरुस्तीवाला पाच मिनिटांत बदलतो. तोपर्यंत विंडोजच्या तारखेच्या सेटिंगमध्ये ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा आणि टाइम झोन भारताचा आहे ना ते पाहा.

पायरी २ : दोष कुणाचा, ते ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

आधी पान नुसतं ताजं करा. एफ५ नव्हे, कंट्रोल आणि एफ५ एकत्र. त्यामुळे साठवलेली जुनी प्रत सोडून पान नव्याने येतं. मात्र पैसे भरण्याच्या पानावर हे करू नका. तिथे रिफ्रेश नाही आणि मागे जाण्याचा बाणही नाही.

मग तीच साइट इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. या खिडकीत जुन्या कुकी नसतात आणि एक्स्टेन्शनही (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर), तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, बंद असतात. आता काय होतं ते बघा.

इन्कॉग्निटोत काम झालं, तर साइट ठीक आहे. दोष तुमच्या ब्राउझरमधल्या जुन्या कुकीचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा. पायरी ३ कडे जा. (घाईत असाल तर काम त्याच खिडकीत उरकून घ्या. दुरुस्ती उद्या.)

इन्कॉग्निटोतही तसंच झालं, तर दुसरा ब्राउझर उघडून बघा. तिथे चाललं तर पायरी ४ किंवा ५. कुठेच चाललं नाही, तर फोनचा मोबाइल डेटा वापरून एकदा पाहा. तरीही नाही, तर साइटच बसलेली असण्याची शक्यता जास्त. अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी हे होतंच. अशा वेळी कुकी पुसत बसणं म्हणजे वेळ घालवणं. पहाटे किंवा रात्री उशिरा पुन्हा बघा.

यात एक खोच आहे. क्रोमच्या इन्कॉग्निटोत थर्ड-पार्टी कुकी मुळातच बंद असतात. त्यामुळे लॉगिन होतंय पण फक्त पैसे भरण्याची चौकट कोरी येतेय, असं इन्कॉग्निटोत दिसलं तर लगेच साइटला दोष देऊ नका. आधी पायरी ४ वाचा.

पायरी ३ : फक्त त्या साइटच्या कुकी पुसा

काही संदेश सरळ इथेच बोट दाखवतात. ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणजे साइट आणि ब्राउझर एकमेकांकडे टोलवाटोलवी करत आहेत. ‘रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज’ म्हणजे त्या एका साइटच्या इतक्या कुकी साचल्या आहेत की सर्व्हर त्या घ्यायला तयार नाही. दोन्हींवर बहुधा हाच उपाय लागू पडतो.

क्रोममध्ये ती साइट उघडा. पत्त्याच्या डावीकडे छोटं चिन्ह असतं. पूर्वी तिथे कुलूप असायचं, २०२३ पासून दोन आडव्या पट्ट्यांसारखं चिन्ह आहे. ते दाबा, ‘कुकीज अँड साइट डेटा’ निवडा, मग ‘मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा’. समोर त्या साइटची नावं येतील. प्रत्येकीपुढचा कचऱ्याचा डबा दाबा, खिडकी बंद करा, पान ताजं करा, पुन्हा लॉगिन करा.

फायरफॉक्समध्ये हे आणखी सोपं. कुलूप दाबा, खाली ‘क्लिअर कुकीज अँड साइट डेटा’ असतं. झालं. एजमध्ये मेनूची मांडणी मधूनमधून बदलते, म्हणून पाठ करण्यापेक्षा सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘कुकीज’ टाइप करा. ही युक्ती तिन्ही ब्राउझरमध्ये चालते, आणि माझ्यासारखीला फोनवरून सांगायलाही बरी पडते.

अँड्रॉइड फोनवर क्रोममध्येही पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह, मग ‘कुकीज अँड साइट डेटा’, मग डबा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारी (नव्या आयओएसमध्ये तो ‘ॲप्स’च्या आत असतो), त्यात ‘ॲडव्हान्स्ड’, त्यात ‘वेबसाइट डेटा’. यादीतली हवी ती साइट डावीकडे सरकवून काढता येते.

काही पोर्टल लॉगिनसाठी तुम्हाला दुसऱ्याच पत्त्यावर नेतात आणि परत आणतात. अशा वेळी दोन्ही पत्त्यांच्या कुकी काढाव्या लागतात. लॉगिनच्या पानावर असताना पत्त्याची पट्टी नीट वाचा, म्हणजे दुसरं नाव कळेल.

आणि बुकमार्क. लोक लॉगिन झाल्यानंतरचं आतलं पान जपून ठेवतात आणि पुढच्या महिन्यात तिथूनच शिरायला जातात. त्या पत्त्यात कधी कधी जुन्या सेशनचा क्रमांक चिकटलेला असतो. तो केव्हाच मेलेला असतो, आणि तुम्ही कुकी पुसत बसता. बुकमार्क साइटच्या पहिल्या पानाचा करा, आतल्या पानाचा नको.

पायरी ४ : सेटिंगमध्ये कुणी काय बंद करून ठेवलंय ते बघा

रोज सकाळी सगळीकडे नव्याने लॉगिन करावं लागतंय? क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, आणि तळाशी ‘ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज’मध्ये ‘ऑन-डिव्हाइस साइट डेटा’ असं जा. तीन पर्याय दिसतील: साठवू द्या, खिडक्या बंद केल्या की पुसा, साठवूच देऊ नका. घरच्या मशीनवर पहिला हवा. दुसरा पर्याय सायबर कॅफेला शोभतो. तिसरा ठेवला तर या जगात कुठेच लॉगिन होणार नाही.

सेटिंग बरोबर असूनही रोज तेच होत असेल, तर ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ नावाचं एखादं सॉफ्टवेअर शोधा. दुरुस्तीवाले मशीन देताना ते प्रेमाने टाकून देतात. मशीन सुरू झालं की ते स्वतःहून कुकी झाडून टाकतं. माझ्या मते त्याची काही गरज नसते, सरळ काढा.

आता थर्ड-पार्टी कुकी. सफारीने त्या २०२० पासून आपणहून अडवल्या आहेत. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला सुरुवात केली. गूगलनेही २०२० मध्ये क्रोममधून त्या हद्दपार करायचं जाहीर केलं होतं, पण तारखा पुढे ढकलत ढकलत २०२४ च्या जुलैमध्ये तो बेतच सोडला. त्यामुळे ‘आता कुकी बंद झाल्या आहेत’ असं सांगणारे जुने लेख आणि व्हिडिओ अजून फिरतात, त्यांच्यावर जाऊ नका. क्रोममध्ये निवड तुमची आहे.

मी स्वतः थर्ड-पार्टी कुकी बंद ठेवते आणि अडलं तरच त्या एका साइटपुरत्या उघडते. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह येतं. ते दाबून तिथल्या तिथे परवानगी देता येते. क्रोम ही सवलत काही दिवसांसाठीच देतो, नंतर आपोआप काढून घेतो. ते चांगलंच आहे. काम झाल्यावर बंद करायचं कुणाच्या लक्षात राहतं?

फोनवरची एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममध्ये आलेली लिंक दाबली की पान बरेचदा त्या ॲपच्या आतच उघडतं. ती वेगळी खिडकी, तिच्या कुकी वेगळ्या. क्रोममध्ये तुम्ही लॉगिन असलात तरी तिथे अनोळखीच. वर तीन टिंबांत ‘ओपन इन ब्राउझर’सारखा पर्याय असतो, तो घ्या आणि मगच फॉर्म भरा.

‘आम्ही कुकी वापरतो’ अशी पट्टी आली तर ‘रिजेक्ट’ किंवा ‘ओन्ली नेसेसरी’ दाबलं तरी चालतं. लॉगिनची कुकी आवश्यक गटात येते.

पायरी ५ : एक्स्टेन्शन आणि पॉप-अप

इन्कॉग्निटोत साइट चालली, कुकी पुसूनही साध्या खिडकीत चालेना, तर संशयित उरतो एकच. क्रोममध्ये पत्त्याशेजारच्या कोड्याच्या तुकड्यावरून ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’मध्ये जा, सगळी बंद करा, साइट बघा. मग एकेक चालू करत जा. जाहिराती अडवणारी आणि खरेदीत कूपन शोधून देणारी ही दोन जातीची सापडतात. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर काढूनच टाका.

पावती किंवा बँकेचं पान नव्या खिडकीत उघडणार असेल तर पॉप-अप अडवलेला असू शकतो. पट्टीच्या उजव्या टोकाला लाल खूण दिसते. तिथून त्या साइटपुरती परवानगी द्या.

पायरी ६ : ब्राउझर अपडेट करा, पण ब्राउझरच्या आतूनच

क्रोममध्ये तीन टिंबं, ‘हेल्प’, ‘अबाउट गूगल क्रोम’. एजमध्ये तीन टिंबं, ‘हेल्प अँड फीडबॅक’, ‘अबाउट मायक्रोसॉफ्ट एज’. फायरफॉक्समध्ये तीन रेघा, ‘हेल्प’, ‘अबाउट फायरफॉक्स’. हे पान नुसतं उघडलं तरी ब्राउझर स्वतः शोध घेतो आणि नवी आवृत्ती असेल तर उतरवतो. शेवटी ‘रीलाँच’ किंवा ‘रीस्टार्ट’ दाबायचं, बस.

बहुतेकांचं अडतं ते इथेच. अपडेट मागच्या मागे येऊन पडलेलं असतं, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ते लागू होत नाही. महापे-ऐरोलीला कामाला जाणारी मंडळी लॅपटॉपचं झाकण मिटतात आणि उघडतात, ब्राउझर महिनोन्महिने बंदच होत नाही. वर कोपऱ्यात अपडेटचा शब्द रंग बदलत राहतो: आधी हिरवा, मग नारिंगी. लाल झाला म्हणजे अपडेट येऊन निदान आठवडा झाला. क्रोमचे सुरक्षेचे अपडेट २०२३ पासून साधारण दर आठवड्याला येतात, आणि त्यातले काही अशा भोकांसाठी असतात ज्यांचा चोरांनी आधीच वापर सुरू केलेला असतो. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. रीलाँच केल्यावर साध्या टॅब परत येतात. इन्कॉग्निटोच्या येत नाहीत, त्यातलं काम आधी संपवा. अर्धवट भरलेला अर्जही आधी ‘सेव्ह ड्राफ्ट’ करा.

फोनवर प्ले स्टोअर उघडा, आपल्या चित्रावर बोट ठेवा, ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’. क्रोमसोबत ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ हेही अपडेट करा. कित्येक ॲपच्या आतली पानं त्याच्यावर चालतात. अपडेट अडकून राहत असेल तर फोनमध्ये जागा आहे का बघा. आमच्या काकूंच्या फोनमध्ये सुप्रभातची चित्रं काढल्यावर दोन्ही अपडेट विनातक्रार झाले. आयफोनवर सफारी वेगळा अपडेट होत नाही, आयओएसबरोबरच होतो.

आता मशीनच जुनं असेल तर? ‘युअर ब्राउझर इज अप टू डेट’ असं दिसतं किंवा अपडेट थांबल्याची सूचना येते, आणि साइट मात्र ‘ब्राउझर जुना आहे’ म्हणते. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ मधली. एजही तिथे १०९ वरच थांबला. अशा मशीनवर तात्पुरता आधार म्हणजे फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती. तिची मुदत मोझिलाने वेळोवेळी वाढवली, पण ती कायमची नाही. बँकेचं काम तरी अशा मशीनवर करू नका. फोनमध्येही तसंच: क्रोम १३८ ही अँड्रॉइड ८ आणि ९ साठी शेवटची, त्यापुढे अँड्रॉइड १० लागतं.

विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्यावर क्रोम अजून अपडेट होतो, म्हणून घाबरून उद्याच नवं मशीन घ्यायला धावू नका. पण सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत खर्चाचा विषय घ्यायला हरकत नाही.

एखादी जुनी साइट अजून इंटरनेट एक्सप्लोरर मागत असेल, तर तो कुठून डाउनलोड करायला जाऊ नका. तो जून २०२२ मध्येच निवृत्त झाला. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’खाली इंटरनेट एक्सप्लोरर मोड असतो. तो चालू करून त्या साइटचं नाव यादीत घाला. ही नोंद ३० दिवसांनी संपते, मग पुन्हा घालायची.

पायरी ७ : खोटं अपडेट ओळखा

एखादं पान उघडल्यावर मोठ्या अक्षरात ‘तुमचा क्रोम कालबाह्य झाला आहे, इथे दाबा’ असं आलं, तर ती टॅब बंद करा. खरा ब्राउझर आपलं अपडेट वेबपानातून फाइल देऊन करत नाही. फोनवर अशा वेळी एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल, उतरते. हीच चाल व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने चालते. तुमची गाडी एमएच ०४ असो की एमएच ४३, ई-चलन एपीके फाइलमध्ये कधीच येत नाही.

‘व्हायरस सापडला’ अशा सूचना कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातून सतत टपकत असतील, तर बहुधा व्हायरस नसतो. कधीतरी कुठल्याशा साइटने ‘अलाउ’ दाबायला लावलेलं असतं, आणि आता ती साइट सूचना धाडते आहे. ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि अनोळखी नावं काढा. त्या सूचनेत दिलेल्या नंबरवर फोन करू नका.

फाइल उघडून बसलात आणि पैसे गेले, तर वाट न बघता १९३० वर फोन करा. सायबर गुन्ह्यांसाठीचा तो राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडण्याची शक्यता जास्त. मग बँकेला कळवा.

पायरी ८ : एवढं करूनही नाही, तरच सगळं पुसा

कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबलं की पुसण्याची चौकट येते. तिथे काय काय निवडलेलं आहे ते सावकाश वाचा.

आधी ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’, म्हणजे पानांच्या साठवलेल्या प्रती, एवढंच निवडून पुसा. त्याने कुठूनही लॉगआउट होत नाही. त्यानेही नाही झालं तरच ‘कुकीज अँड अदर साइट डेटा’. हे पुसलं की सगळीकडे नव्याने लॉगिन, नव्याने ओटीपी. बँक पुन्हा ‘हे मशीन ओळखीचं नाही’ म्हणेल. म्हणून ओटीपीचा फोन जवळ नसताना हे करू नका.

‘पासवर्ड्स’च्या चौकटीतली टिक मात्र काढून टाका. कुकी आणि जपलेले पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पुसण्याची यादी एकच. आणि ब्राउझर तुमच्या गूगल खात्याशी जोडलेला असेल तर कॉम्प्युटरवर पुसलेले पासवर्ड आणि हिस्टरी फोनवरूनही जातात. कुकी त्या त्या मशीनपुरत्याच जातात.

दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तर

स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरायचा असेल तर इन्कॉग्निटो किंवा गेस्ट खिडकी मागा. काम झाल्यावर आधी ‘लॉगआउट’, मग सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद. एक जरी उघडी राहिली तरी कुकी जिवंत असतात, आणि मागून येणारा तुमच्याच नावाने आत असतो. ‘सेव्ह पासवर्ड?’ला ‘नेव्हर’. डाउनलोड झालेली पावती, आधारची प्रत ‘डाउनलोड्स’मधून आणि मग रीसायकल बिनमधूनही काढा. इन्कॉग्निटो उतरवलेल्या फाइल पुसत नाही. मशीनमध्ये टाइप केलेलं चोरणारं काही बसवलेलं असेल, तर त्यापासूनही तो वाचवत नाही. नेट बँकिंग तिथे करूच नका. अर्ज तिथे भरा, पैसे आपल्या फोनवरून भरा.

लोकलमध्ये बसून लांबलचक फॉर्म भरण्याच्याही मी विरुद्ध आहे. ठाण्याहून वाशीला येता येता नेटवर्क बदलत राहतं, आणि काही साइट तुमच्या फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलला की सुरक्षेसाठी सेशन तोडतात. घरीही वायफायवर सुरू केलेला अर्ज वायफायवरच संपवा. एकाच साइटच्या दोन टॅब, एकीत तुमचं लॉगिन आणि दुसरीत सासूबाईंचं, असंही नको. दोन्हींना कुकी एकच असते. मागून केलेलं लॉगिन आधीच्यावर बसतं, आणि मग एकीचा अर्ज दुसरीच्या खात्यात जातो.

पैसे गेले, पावती नाही

लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक लिहून घ्या. साइटवर नव्याने लॉगिन करून ‘ट्रान्झॅक्शन हिस्टरी’ किंवा ‘पेमेंट स्टेटस’ बघा. पुष्कळदा पैसे पोचलेले असतात, फक्त परत येताना पान अडकलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, खात्यातून पैसे गेले पण ऑनलाइन कार्ड किंवा यूपीआयने दुकानदाराकडे वा साइटकडे भरणा पक्का झाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. ही भरपाई खरं तर न मागता मिळायला हवी. नाही मिळाली तर बँकेकडे लेखी मागा.

हेल्पडेस्कला लिहिताना नुसतं ‘साइट चालत नाही’ म्हणू नका. अर्ज क्रमांक, तारीख आणि वेळ, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, आणि पत्त्याच्या पट्टीसकट स्क्रीनशॉट द्या. इन्कॉग्निटो आणि दुसरा ब्राउझर करून पाहिलंय हेही लिहा, नाहीतर पहिलं उत्तर ‘कुकी क्लिअर करून बघा’ असंच येईल. ओटीपी, पासवर्ड आणि कार्डाचा नंबर मात्र स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही ना, ते पाठवण्याआधी बघा.